सच्छिद्र खडकाची संगणकीय प्रतिमा : एक चिकित्सा

खडकाच्या अंतरंगातील पोकळ्यांची त्रिमितीय चित्रे आता संशोधनपत्रिकांतून इतक्या विपुलतेने प्रसिद्ध होतात की, त्यांविषयी नवल वाटण्याचे दिवस संपले, असे म्हणावयास हरकत नाही. पाषाणाचा एक लहानसा घन, त्यातील कण अदृश्य केलेले, आणि उरलेली पोकळी निळ्या वा तांबड्या रंगाने भरून प्रवाळाच्या झाडोऱ्यासारखी उभी केलेली : अशा प्रकारचे चित्र न पाहिलेला भूविज्ञानाचा विद्यार्थी आज विरळा. चित्र मोठे मोहक असते, आणि त्याच्याखाली दिलेला आकडाही बहुधा तितकाच निःशंक असतो. खडकाची सच्छिद्रता इतकी, पार्यता इतकी. प्रस्तुत लेखाचा विषय चित्राची मोहकता हा नसून त्याचे प्रामाण्य हा आहे. हे चित्र खडकाने आपल्या हाती दिले आहे की आपण रेखाटले आहे. आणि आपण रेखाटले असल्यास आपला हात त्यावरून नेमका कोठे फिरला आहे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ तात्त्विक आहे, असे कोणी समजू नये. भूगर्भातील तेलापैकी किती हाती लागेल, जमिनीत झिरपलेले दूषित द्रव्य विहिरीपर्यंत केव्हा पोहोचेल, कारखान्यांतून निघणारा कार्बन डायॉक्साइड वायू खोल थरांत कोंडला तर तो तेथे राहील काय, या साऱ्यांची उत्तरे अखेर खडकातील केसाहून बारीक वाटांवर अवलंबून असतात. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ साली समुद्रतळाखालच्या उट्सिरा वालुकाश्मात हा वायू सोडण्यास प्रारंभ झाला, आणि त्याचे प्रमाण वर्षाला सुमारे १० लक्ष टन एवढे होते. अशा कामांत चित्रावरून काढलेला आकडा चुकला तर ती चूक कागदावर राहात नाही.

प्रथम दोन संज्ञांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. खडकाच्या एकूण घनफळात पोकळीचा भाग किती, हे सच्छिद्रता सांगते. त्या पोकळीतून द्रव किती सुलभतेने वाहील, हे पार्यता सांगते. पहिलीवरून दुसरीचे अनुमान सरळ निघत नाही. याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्रातील वाचकास दूर जावयास नको. सह्याद्रीतील कित्येक बेसाल्ट थर लाव्ह्यातील वायूंच्या बुडबुड्यांनी चाळणीसारखे दिसतात. परंतु हे बुडबुडे बहुधा परस्परांपासून अलग असतात, आणि पुष्कळदा झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेलेले असतात. त्या थरांत विहिरीस पाणी लागते ते मुख्यतः सांध्यांतून, भेगांतून आणि झिजलेल्या भागातून. भोके पुष्कळ, वाट मात्र नाही, असा हा प्रकार होय. हेन्री डार्सी यांनी डिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूच्या स्तंभांवर प्रयोग करून आपला प्रवाहविषयक नियम १८५६ साली प्रसिद्ध केला, त्यात वाळूचा हा गुण एका गुणकात बांधलेला आहे. परंतु तो गुणक तेवढाच का, याचे उत्तर त्या नियमात नाही. त्यासाठी वाटेचा आकारच पाहावयास हवा.

तो पाहण्याचे जुने साधन म्हणजे खडकाचा पातळ काप. नमुन्यात रंगीत राळ भरावयाची, त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून काढावयाची आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाची. आशिल दलेस या फ्रेंच भूवैज्ञानिकाने १८४७ साली दाखवून दिले होते की, कापावर एखाद्या घटकाने व्यापलेल्या क्षेत्रफळाचे प्रमाण हेच त्याच्या घनफळाच्या प्रमाणाचे योग्य अनुमान होय. तेव्हा सच्छिद्रतेपुरता काप पुरेसा आहे. पण कापावर प्रत्येक रंध्र आपापल्या जागी एकटे दिसते. त्यातील कोणते कोणास खालून वा वरून मिळाले आहे, हे त्यावरून कळत नाही. सपाट पृष्ठावर एक तर कणांचे जाळे अखंड असेल, नाही तर पोकळीचे. त्रिमितीत मात्र दोन्ही जाळी एकमेकांत गुंतून एकाच वेळी अखंड राहू शकतात. झऱ्याचे पाणी देणारा वालुकाश्म डोंगर म्हणून उभाही राहतो, याचे रहस्य हेच. दोन मितींच्या चित्रात हे रहस्य मावतच नाही. अर्विंग फॅट यांनी १९५६ साली रंध्रांच्या जागी नळ्यांचे जाळे कल्पून प्रवाहाचा विचार केला, आणि पुढे कापावरील सांख्यिकीवरून त्रिमितीय पोकळी कृत्रिमरीत्या रचण्याचे प्रयत्नही झाले. हे सारे प्रयत्न बुद्धिमान होते. परंतु ते खडकासंबंधीचे तर्क होते, खडकाचे दर्शन नव्हते.

दर्शनाचा मार्ग वैद्यकाकडून आला. अनेक दिशांनी घेतलेल्या छायांवरून मूळ वस्तू गणिताने पुन्हा उभी करता येते, हे योहान राडोन यांनी १९१७ सालीच सिद्ध केले होते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली रुग्णाच्या मस्तकाचे पहिले छेदचित्र घेतले, आणि १९७९ साली त्यांस अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जिम एलियट व डोव्हर यांनी १९८२ साली हीच युक्ती एका लहानशा शंखावर, सूक्ष्म प्रमाणात, करून दाखविली. पुढे १९८७ साली ब्रायन फ्लॅनरी व त्यांचे सहकारी यांनी सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांचा उपयोग करून सूक्ष्म छेदचित्रण पुढे नेले. हे सहकारी एका तेल कंपनीच्या संशोधनशाळेतील होते, ही गोष्ट या विषयाच्या पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता चित्र सिद्ध कसे होते ते पाहू. नमुना फिरत्या पीठावर ठेवून त्याच्या शेकडो वा हजारो क्ष-किरण छाया घेतल्या जातात. त्यांवरून संगणक नमुन्याचे लहान लहान घनांत विभाजन करतो. यांस व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलला एक संख्या मिळते, आणि ती त्या जागी क्ष-किरणांचे शोषण किती झाले हे सांगते. दाट व जड मूलद्रव्यांनी युक्त खनिज उजळ, क्वार्ट्झ मध्यम, पोकळी काळी. यंत्राचे काम येथे संपते. यंत्राने दिले ते केवळ करड्या छटांचे एक घनाकार कोष्टक. त्यात 'रंध्र' हा शब्द कोठेही नाही.

जर प्रत्येक व्हॉक्सेल संपूर्णपणे कणात किंवा संपूर्णपणे पोकळीत पडला असता, तर पुढचे काम कारकुनी ठरले असते. परंतु कणाची कड व्हॉक्सेलच्या चौकटीस मान देत नाही. ज्या घनात अर्धा क्वार्ट्झ व अर्धी पोकळी आहे, त्याची छटा मधली येते. ज्यात चिकणमाती आहे आणि तिच्या पापुद्र्यांमध्ये व्हॉक्सेलहून कितीतरी लहान रंध्रे आहेत, त्याचीही मधलीच येते. शिवाय यंत्राचे स्वतःचे दोष आहेत. साध्या नळीतून निघणाऱ्या किरणांत अनेक ऊर्जा मिसळलेल्या असतात. त्यांतील मृदू किरण नमुन्याच्या बाहेरच्या भागातच शोषले जातात, आणि एकच खनिज कडेला उजळ व मध्यभागी मंद दिसू लागते. अशा कोष्टकावर संशोधक एक सीमामूल्य ठरवितो : याहून काळे ते रंध्र, याहून उजळ तो कण. या एका निर्णयाने करडा खडक काळा आणि पांढरा होतो. आपण पत्रिकांत पाहतो ती प्रवाळासारखी आकृती या निर्णयानंतरची आहे. तिला खडकाचे छायाचित्र म्हणणे हे मला शब्दाचे शैथिल्य वाटते. ती खडकाची संपादित आवृत्ती होय.

'संपादित' हा शब्द मी अलंकार म्हणून योजिलेला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ साली आरंभिले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याचे प्रमुख संपादकत्व सांभाळले, आणि त्यांच्या पश्चात १९६६ साली ते पूर्णतेस गेले. अनेक पोथ्यांतील पाठभेद तोलून संपादकांस एक पाठ निवडावा लागे. परंतु जेथे निवड पूर्णपणे निश्चित नव्हती, तेथे त्या आवृत्तीत मजकुराखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. वाचकास त्या रेघेवरून कळते की, येथे संपादकाचा निर्णय आहे, पण त्याची खात्री नाही. खालच्या टीपांत टाकून दिलेले पाठही त्यास पाहावयास मिळतात. खडकाच्या संपादकांनी निर्णय तेवढा घेतला; नागमोडी रेघ मात्र सामान्यतः छापली नाही. छापील आकृतीत संशयित व्हॉक्सेल आणि निःसंदिग्ध व्हॉक्सेल एकाच निळ्या रंगाने भरलेले असतात.

या निर्णयात माणसागणिक फरक पडतो काय? फिलिप बावे व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रतिमाविश्लेषणाच्या १३ तज्ज्ञांपुढे मातीच्या त्याच त्या प्रतिमा ठेवल्या, आणि प्रत्येकास आपल्या पसंतीच्या रीतीने रंध्रे वेगळी करावयास सांगितली. निघालेल्या उत्तरांत फार मोठी तफावत होती. माती आणि पाषाण यांत भेद आहे हे खरे. परंतु करड्या छटेपुढे बसलेला माणूस दोन्हीकडे सारखाच आहे. नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली सुचविलेल्या रीतीसारख्या स्वयंचलित रीती वापरल्याने ही अडचण सुटते, असे कोणी म्हणेल. पण स्वयंचलित रीती अनेक आहेत, त्यांची उत्तरे निरनिराळी येतात, आणि त्यांतून कोणती घ्यावी हे पुन्हा माणूसच ठरवितो. त्याच्या हाताचा कंप यंत्राच्या आत गेला, एवढाच काय तो फरक.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. संशयित व्हॉक्सेल कणांच्या कडांवरच असतात. एकूण पोकळीच्या मानाने त्यांची संख्या ती किती? तेवढ्याने काय बिघडते? या आक्षेपाचे उत्तर विस्ताराने दिले पाहिजे; कारण माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

खडकातील पोकळी सर्वत्र सारख्या रुंदीची नसते. कणांच्या मधोमध ऐसपैस विवरे असतात, आणि एका विवरातून दुसऱ्यात जाण्यास अरुंद वाट असते. तीस कंठ म्हणू. पोकळीचे बहुतेक घनफळ विवरांत असते, परंतु प्रवाहास अडथळा होतो तो कंठांत. गोल नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते, हा नियम सर्वांस परिचित आहे. समजा, एखादा कंठ चित्रात ६ व्हॉक्सेल रुंद आहे. सीमामूल्य किंचित हलविल्याने प्रत्येक कडेस अर्धा व्हॉक्सेल इकडचा तिकडे झाला, तर ती रुंदी ५ किंवा ७ होईल. या दोन वाचनांत प्रवाहाचे गुणोत्तर ७ भागिले ५ याच्या चतुर्थ घाताइतके, म्हणजे जवळजवळ चौपट होते. आता शेजारचे विवर ४० व्हॉक्सेल रुंद आहे असे धरा. तेथे तोच फेरफार रुंदी ३९ किंवा ४१ करील, आणि घनफळात सुमारे १६ टक्क्यांचा फरक पडेल. निर्णय एकच, पण त्याचा परिणाम सच्छिद्रतेवर माफक, आणि पार्यतेवर अनेक पटींचा. कंठ मुळात दोन किंवा तीन व्हॉक्सेलचा असेल, तर त्याचे अस्तित्वच सीमामूल्याच्या मर्जीवर राहते. संशय पसरलेला आहे तो कडांवर. आणि कंठ म्हणजे जवळजवळ सगळी कडच.

यावरून एका रूढ प्रघाताविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते उघड होईल. पुष्कळ संशोधक सीमामूल्य असे निवडतात की, चित्रावरून येणारी सच्छिद्रता प्रयोगशाळेत हेलियम वायूने मोजलेल्या सच्छिद्रतेशी जुळावी. ती जुळली की चित्र खरे ठरले, असे मानले जाते. ही परीक्षा फसवी आहे. प्रथमतः, जो आकडा जुळावा म्हणूनच निर्णय घेतला, तो जुळला यास पुरावा म्हणता येत नाही. दुसरे असे की, हेलियमचा अणू जेथे शिरतो त्या सर्वच पोकळ्या व्हॉक्सेलमध्ये दिसण्याइतक्या मोठ्या नसतात. समजा, एखाद्या चुनखडकाची सच्छिद्रता २० टक्के आहे; त्यांपैकी १२ टक्के दिसणाऱ्या विवरांत आणि ८ टक्के व्हॉक्सेलहून लहान अशा सूक्ष्म रंध्रांत आहे. आता चित्रातून २० हा आकडा काढावयाचाच असा हट्ट धरला, तर त्या ८ टक्क्यांची भरपाई दिसणाऱ्या विवरांकडून करून घ्यावी लागेल; ती फुगून दीडपटीहून अधिक होतील. त्यांच्याबरोबर कंठही फुगतील, आणि मिटलेले कंठ उघडतील. एका आकड्याचे समाधान साधताना दुसरा बिघडविला जातो, आणि बिघाड झाला हे पहिल्या आकड्याच्या जुळण्यामुळेच लक्षात येत नाही.

फाँतेनब्लोचा वालुकाश्म या विषयातील विद्वानांस इतका प्रिय का, याचाही उलगडा येथे होतो. पॅरिसच्या दक्षिणेकडील हा खडक जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झचा आहे. त्याचे कण बऱ्याच अंशी सारख्या आकाराचे, मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. चिकणमाती त्यात नसल्यासारखीच. त्याची सच्छिद्रता नमुन्यागणिक २-३ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपलीकडे बदलते, पण कण तेच राहतात. अशा खडकाच्या चित्रात करड्या छटांची दोन शिखरे स्पष्ट वेगळी उभी राहतात, आणि मधल्या दरीत सीमामूल्य कोठेही ठेवले तरी विशेष बिघडत नाही. प्रत्येक वर्गात गुरुजींनी तपासनीसापुढे उभा करावा असा एक विद्यार्थी असतोच. परंतु याही खडकाची सच्छिद्रता ९ टक्क्यांच्या खाली गेली की गोष्ट पालटते. बुर्बिए व झिंझनर यांनी १९८५ साली दाखविले की, त्यावरच्या टप्प्यात पार्यता सच्छिद्रतेच्या साधारण तृतीय घाताने बदलते, तर खालच्या टप्प्यात ती त्याहून कितीतरी वेगाने कोसळते. कारण तेथे कंठ एकामागून एक बंद होऊ लागतात. सर्वांत सोप्या खडकातही शेवटचा प्रश्न हाच उरतो : हा कंठ उघडा की मिटलेला?

चुनखडकांत तर हा प्रश्न आरंभीच उभा राहतो. त्यांत शंखशिंपल्यांचे तुकडे, विरघळून झालेली मोठी पोकळी आणि सूक्ष्म रंध्रांनी भरलेला चिखलासारखा मळ शेजारी शेजारी नांदतात, आणि करड्या छटांत दोन शिखरांऐवजी एक लांबट उतार दिसतो. हे प्रकरण परदेशापुरते आहे असेही नाही. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकातच आहे. फाँतेनब्लोवर सिद्ध झालेली पद्धत अशा खडकास जशीच्या तशी लावणे म्हणजे शिलालेखाच्या वाचनाचे नियम मोडी दप्तरास लावण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर हायको आन्ड्रे व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेला तुलनात्मक अभ्यास विशेष आदरास पात्र आहे. त्यांनी फाँतेनब्लो व अमेरिकेतील बेरिया हे दोन वालुकाश्म, कॅनडातील ग्रोसमाँट येथील कार्बोनेट खडक आणि गोळ्यांचा एक कृत्रिम संच अशा चार नमुन्यांची चित्रे घेतली. बेरिया व कार्बोनेट यांची प्रत्येकी तीन निरनिराळी विभाजने ठेविली. आणि निरनिराळ्या गणनपद्धतींनी पार्यता, विद्युत्‌रोध व लवचिकता काढून पाहिली. आपल्याच पद्धतीस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही वृत्ती या क्षेत्रात दुर्मीळ होती. त्यातून निघालेली एक गोष्ट फारच उद्बोधक आहे. चित्रावरून काढलेली खडकाची लवचिकता प्रत्यक्ष मोजमापापेक्षा अधिक आली. म्हणजे संगणकातील खडक खऱ्याहून ताठ निघाला. कारण असे की, दोन कणांच्या सांध्यातील अतिसूक्ष्म फट चित्रात येत नाही, आणि संगणक त्या कणांस एकसंध जोडलेले समजतो. जे दिसले नाही ते नाहीच, असे मानण्याचा हा परिणाम होय. प्रवाहाच्या बाबतीत न दिसलेला कंठ वाट बुजवितो. लवचिकतेच्या बाबतीत न दिसलेली फट खडक सांधते. एकाच दृष्टिदोषाची ही दोन फळे आहेत.

तरीही या अभ्यासाकडून मला आणखी एका गोष्टीची अपेक्षा होती. त्याचा भर अखेरच्या गुणधर्मांवर आहे. तीन संपादकांनी एकाच खडकाची तीन वाचने केली असता, ती एकावर एक ठेवून त्यांचा मतभेद विवरांत किती आणि कंठांत किती पडतो, हे मोजणे हे स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचे काम होते. तीन आकड्यांतील अंतर आपणांस संशयाचे परिमाण सांगते. संशयाचे ठिकाण सांगत नाही. दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. बेरियाच्या चित्रातील व्हॉक्सेल ०.७४ मायक्रोमीटरचा, आणि प्रत्येक बाजूस १०२४ व्हॉक्सेल. म्हणजे चित्रित घनाची बाजू मिलिमीटरच्या पाऊण भागाएवढी. प्रयोगशाळेत ज्यावर पार्यता मोजतात तो २५ मिलिमीटर व्यासाचा व ४० मिलिमीटर लांबीचा दंडगोल धरला, तर त्याचे घनफळ या घनाच्या सुमारे ४५,००० पट भरते. अधिक बारीक पाहावे तर थोडेच दिसते, अधिक पाहावे तर बारीक दिसत नाही, ही या विद्येची मूळ कोंडी आहे. तेव्हा दोन आकडे जुळले वा न जुळले तरी त्यांतील कोणता कोणास प्रमाण, हे घाईने ठरविता येत नाही.

एवढ्या चिकित्सेवरून संगणकीय प्रतिमेचा उपयोगच नाही असा ग्रह कोणी करून घेईल, तर तो अन्याय होईल. जेथे प्रश्न 'किती' असा नसून 'कोठे' व 'कसे' असा आहे, तेथे या चित्रांनी दुसऱ्या कोणत्याही साधनास अशक्य असे काम केले आहे. सच्छिद्र पदार्थात एक द्रव दुसऱ्यास हटविताना सावकाश सरकत नाही, कंठापाशी थबकतो आणि मग एकदम उडी घेतो, असे हेन्स यांनी १९३० साली प्रतिपादिले होते. या उड्या प्रत्यक्ष खडकाच्या आत, घडत असताना, स्टीफन बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील सिंक्रोट्रॉनवर टिपून २०१३ साली प्रसिद्ध केल्या. तेलाचे थेंब कोणत्या विवरात अडकून राहतात, खनिजाच्या भिंतीशी पाणी किती अंशाचा कोन करते, हेही आता खडक न फोडता पाहता येते. अर्थात् या कोनाच्या मोजणीतही कडेवरचेच व्हॉक्सेल वाचावे लागतात, हे विसरून चालणार नाही.

अलीकडे या क्षेत्रात कृत्रिम बुद्धीचा प्रवेश झाला आहे, आणि त्याविषयी दोन शब्द कठोरपणे बोलणे अवश्य आहे. करड्या चित्राचे विभाजन करण्यास शिकविलेले न्यूरल जाळे शिकते ते कोणाकडून? माणसांनी आधी विभाजित केलेल्या चित्रांकडून. ते वेगवान असते, सातत्याने एकाच रीतीने वागते, आणि आपल्या गुरूची खोड निष्ठेने गिरविते. सातत्य म्हणजे सत्य नव्हे. याहून पुढची पायरी म्हणजे मंद चित्रास प्रखर करणारी, अथवा सर्वस्वी नवे खडक निर्मिणारी जाळी. मोसर, द्युब्र्यूल व ब्लंट यांनी २०१७ साली गोळ्यांचा संच, बेरिया वालुकाश्म व केटन चुनखडक यांवर शिकविलेल्या अशा जाळ्याने मूळाशी सांख्यिकीने मिळतीजुळती पोकळी निर्माण करून दाखविली. एकाच जातीच्या खडकांत नमुन्यागणिक किती फरक संभवतो, याचा विचार करण्यास हे साधन उत्तम आहे, आणि त्या मर्यादेत ते प्रामाणिकही आहे. परंतु मंद चित्रातील कंठ जेव्हा असे जाळे 'स्पष्ट' करते, तेव्हा ते पाहात नाही, आठवते. इतर खडकांत अशा ठिकाणी बहुधा वाट असते, म्हणून येथेही ती असावी, असा तो तर्क असतो. १९५६ च्या नळ्यांच्या जाळ्यासही आपण तर्कच म्हणत होतो; पण ते जाळे नळ्यांचे दिसत असे, आणि म्हणून कोणाची फसवणूक होत नसे. हा नवा तर्क छायाचित्राचा वेष घेऊन येतो.

मग करावे काय? नागमोडी रेघेस येथे व्यावहारिक रूप देणे मुळीच अशक्य नाही. मधल्या छटेच्या व्हॉक्सेलला बळेच काळे वा पांढरे करण्याऐवजी त्यास अंशतः सच्छिद्र मानता येते, आणि ब्रिंकमन यांच्या समीकरणाच्या साहाय्याने त्यातून मंद प्रवाह वाहू देता येतो. नमुना कोरडा असताना एकदा आणि आयोडाइड मिसळलेल्या, क्ष-किरण अधिक शोषणाऱ्या खाऱ्या पाण्याने भरून पुन्हा एकदा चित्र घ्यावे. दोहोंची वजाबाकी केली असता, ज्या व्हॉक्सेलमधील रंध्रे दिसत नाहीत त्यातही पाणी किती शिरले ते कळते. पोथीच्या संपादकास लेखनिकाकडे परत जाता येत नाही; खडकाच्या संपादकास दुसरा प्रश्न विचारण्याची ही सोय आहे, आणि तिचा उपयोग चुनखडकांच्या अभ्यासात होऊ लागला आहे. सर्वांत साधा उपाय मात्र खर्चाचाही नाही. एका सीमामूल्याऐवजी दोन घ्यावीत, एक संकोचशील व एक उदार. दोहोंत रंध्र ठरलेला भाग एका रंगाने आणि केवळ एकीत ठरलेला भाग दुसऱ्या रंगाने छापावा. आणि पार्यता एका आकड्याऐवजी दोन आकड्यांच्या दरम्यान सांगावी. दुसऱ्या रंगाचे ठिपके विवरांच्या भिंतींवर विखुरलेले दिसले तर वाचक निश्चिंत होईल. ते कंठांत साकळलेले दिसले तर त्याखालचा आकडा तो सावधपणे वाचील.

करडी मूळ चित्रे आता पूर्वीसारखी दुर्लभ राहिलेली नाहीत. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत २०१५ साली अशा चित्रांसाठी एक सार्वजनिक संग्रह सुरू झाला, आणि आन्ड्रे प्रभृतींनीही आपल्या अभ्यासातील चित्रे इतरांच्या उपयोगासाठी खुली ठेविली. आपल्या विद्यापीठांतून क्ष-किरण छेदचित्रणाची यंत्रे थोडी आहेत, म्हणून या विषयात आपणांस काही करता येत नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही. बेरियाचे ते पाऊण मिलिमीटरचे चित्र घेऊन, त्याच्या तीन विभाजनांत कोणते कंठ सर्वांस मान्य आहेत व कोणते एकालाच, याची मोजदाद पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यासही एका सत्रात करता येईल. त्यास एक बऱ्यापैकी संगणक आणि पुष्कळसा धीर एवढेच साहित्य लागेल.